रोजनिशीला सासू लागते

बचत गटाच्या बायकांनी हिंगोलीला माझा सत्कार केला होता. कारण काय, तर मी लग्न होऊन सासरी आले तेव्हापासून रोज रोजनिशी लिहिते. शाल, नारळ आणि एक मलूल गुलाब. व्यासपीठावर बाहेरगावाहून आलेल्या एक मॅडम होत्या. रोज लिहायची सवय कशी लावावी हे त्यांनी आधी सविस्तर सांगितलं. पहाटे उठावं, घरातला एक शांत कोपरा निवडावा, आवडीचा पेन घ्यावा, मन मोकळं करावं, स्वतःशी बोलावं. समोरच्या बायका मान हलवून ऐकत होत्या. त्यातल्या एकीच्याही घरात शांत कोपरा नव्हता, आणि जिच्या घरात होता तिथं हळदीची पोती रचलेली होती. मग मॅडमनी माइक माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, ताई, तुमच्या सातत्याचं गुपित सांगा.

मी म्हटलं, "रोजनिशीला सासू लागते."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांना वाटलं, बाईनं विनोद केला. मी कशाला विनोद करू? विचारलं म्हणून खरं ते सांगितलं.

माझं माहेर हिंगोलीचं, वडील शाळामास्तर. लग्नात त्यांनी भांडी दिली, पलंग दिला आणि वर एक रोजनिशी दिली. भांड्यांकडं सगळ्यांचं लक्ष गेलं, रोजनिशीकडं कुणाचंच नाही. वडलांनी निघताना एवढंच सांगितलं, रोज एक ओळ तरी लिही, आणि लिहिशील ते खरं लिही. बाकी सासरी कसं वागावं वगैरे सांगायला आई होतीच, ती आठवडाभर तेच सांगत होती.

सासर जवळा बाजारच्या अलीकडच्या एका गावात. घरात माणसं तीन. मी, मालक आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळं घर, शेत, म्हशी आणि मालक हे सगळं आत्याबाईंच्या तंत्रानं चालायचं. कामाला वाघीण बाई. कापूस वेचायला लागल्या की मजूरबायका मागं राहायच्या. आणि जीभ त्याहून पुढं. सकाळी सडा टाकताना सुरू व्हायच्या, माझा पदर, माझी भाकर, माझं माहेर, माझं चालणं, सगळं घेऊन दुपारपर्यंत पोचायच्या. मालकांना दोन्ही कान होते, पण घरात ते एकही वापरायचे नाहीत.

पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीच्या आधी, चुलीवर डाळ ठेवून मी रोजनिशी काढली. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काय लिव्हून राहिली?"

मी म्हटलं, काही न्हाई, आजचा दिवस लिहिते. त्यांनी एकदा वहीकडं पाहिलं. सूप उचललं, पण ज्वारीत लक्ष राहिलं नाही, खडे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी भाकरीत कचकच आली आणि त्याचा बोल अर्थात मला बसला.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला शेजारणीकडून कळलं. माझ्या लग्नाच्या वर्षभर आधी ओढ्यापलीकडच्या गावात एका सुनेनं सासूविरुद्ध चौकीत लिहून दिलं होतं. पोलिसांची जीप आली आणि सासूला भर बाजारच्या दिवशी मागं बसवून घेऊन गेली. चार दिवसांत ती बाई परत आली, पण गावानं तिला पुन्हा कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आत्याबाईंनी ती जीप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं की बोलणाऱ्या सुनेची भीती नाही, लिहिणाऱ्या सुनेची आहे. त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, बोललेलं वाऱ्यावर जातं माय, लिव्हलेलं मागं राह्यतं. मी मेल्यावर बी कागदावर मी वाईटच राह्यल.

झालं. माझ्या हातात पेन आला की आमच्या घरात रामराज्य यायचं. दिवसभर तोफ चालवणारी बाई दिवेलागणीला एकदम मऊ. न मागता चहा. "थकली असशील." "पाय लांब कर की." मी ओळ लिहायची, टोपण लावायची, आणि टोपणाचा आवाज झाला की आत्याबाई सकाळी जिथं थांबल्या होत्या नेमक्या तिथून पुढं सुरू. पहिले काही महिने मी मुद्दाम हळू लिहायची. तेवढंच माहेर.

मी लिहायची काय? तर भाजी. "आज अंबाडी." "आज पिठलं." "आज मेथी, एसटी आली नाही." माझाही नाइलाज होता. खरं लिहावं तर घरात दुसऱ्याची वही उघडायला कुणाला लाज नव्हती. आणि आत्याबाईंना जे लिहायला पाहिजे होतं ते खोटं होतं. त्या समोर बसून सांगायच्या, लिव्ह, सासूनं आज दुधावरची साय दिली. साय दिलेली असायची, पण ती लिहून घेण्यापुरती. खोटं लिहायचं नव्हतं, खरं लिहायची सोय नव्हती. मधे उरली ती भाजी.

आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. म्हणून एकदा त्यांनी माझी रोजनिशी दळणाच्या डब्यात ज्वारीखाली दडवून गिरणीवर नेली. गिरणीवाला गावातला मोठा वाचक, रोजचं वर्तमानपत्र त्याच्याकडंच यायचं. त्यानं पीठभरल्या बोटांनी पानं उलटली आणि गिरणीच्या आवाजावर ओरडून वाचलं. आज वांगी. आज शेपू. आज कारलं. दळणाला आलेल्या बाया कान देऊन उभ्या. कुणाचाच विश्वास बसेना. मास्तराची लेक, शिकली सवरली, ती काय रोज भाजी लिहील? गिरणीवाला म्हणाला, बाई, ह्याच्यात काहीतरी पोलिसी भानगड दिसते. मग त्या सगळ्यांनी मिळून अर्थ लावला. शेपू म्हणजे उग्र बोलणं. वांगं म्हणजे आतून किडकं. आणि एका शहाणीनं सांगितलं, कारलं म्हणजे तूच की.

हे सगळं मला कसं कळलं? रोजनिशीतून पीठ पडलं तेव्हा अंदाज आला, आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळलं. आत्याबाईंनी मला काही विचारलं नाही. फक्त आमच्या घरात कारलं येणं बंद झालं. मालकांना कारलं फार आवडायचं. ते बिचारे कितीतरी दिवस विचारत होते की बाजारात कारल्याला काय झालंय.

आता खरं सांगते, वर्ष दीड वर्षात मला ह्या सगळ्याचा कंटाळा आला. रोज रोज भाजी लिहून काय मिळायचं? एका पेरणीच्या दिवसांत मी लिहायचं सोडून दिलं. वाटलं, सुंठीवाचून खोकला जाईल, आत्याबाई पण सुखानं झोपतील. कसल्या झोपतात. त्यांच्या मनानं घेतलं की मी ही वही दाखवायला ठेवली आणि खरी वही दुसरीकडं लिहून राहिले. त्यांनी उतरंड उपसली, गोधड्या उसवल्या, कणगीत हात घालून खांद्यापर्यंत चाचपलं. म्हशीच्या गव्हाणीत सुद्धा पाहिलं. शेवटी डोळ्यांत पाणी आणून मालकांना म्हणाल्या, हिला म्हणावं माझ्यासमोर लिव्ह बाई, काय लिव्हायचं ते लिव्ह, पर माझ्या डोळ्यापुढं.

मालक आयुष्यात पहिल्यांदा मधे पडले. म्हणाले, लिहून टाक की, तुझं काय जातं. तेव्हापासून माझी सुटका संपली. दिवा लागायच्या आत आत्याबाईंचा प्रश्न यायचा, "लिव्हलं का?" पाहुणे असोत, लग्न असो, हळद शिजवायची कढई शेतात चढलेली असो. एकदा मला हिवताप आला, दातावर दात वाजत होते. आत्याबाई काढा घेऊन आल्या, पण वाटी दुसऱ्या हातात मागं धरून त्यांनी आधी पेन पुढं केला. मी रजईतून हात काढून लिहिलं, "ताप. भाजी माहीत नाही." मग काढा मिळाला. बाळंतपणाला हिंगोलीला गेले तर मागोमाग मालक रोजनिशी घेऊन एसटीनं हजर. मला नाहीतर बाळाला बघायला आले असतील असं आईला वाटलं. मॅडमचा तो शांत कोपरा आणि मोकळं मन ह्यात मला कुठं सापडायचं होतं?

वडलांची रोजनिशी संपली तेव्हा नवीन आणायचं कामही आत्याबाईंनीच मालकांच्या मागं लावलं. जवळा बाजारच्या बी-बियाण्यांच्या दुकानातून नव्या वर्षाला फुकट डायरी मिळायची. तिच्या प्रत्येक पानाखाली शेतकऱ्यांना उपदेश छापलेला असायचा. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या पानाखाली होतं, "तुडतुड्यांचा वेळीच बंदोबस्त करा." मी ते वाचून दाखवलं तर मालक गंभीरपणे म्हणाले, फवारणी करावीच लागंल.

मग गावात साक्षरता वर्ग सुरू झाला. मारुतीच्या देवळात संध्याकाळी कंदील लावून. पाटी फुकट, पेन्सिल फुकट, म्हणून पहिल्या दिवशी देऊळ भरलं. पाट्या घरी पोचल्या आणि देऊळ रिकामं झालं. राहिल्या त्या आत्याबाई. पन्नाशी उलटलेली बाई, दिवसभर रानात राबून आलेली, पण दिवेलागणीला आधी माझ्याकडून ओळ लिहून घ्यायची आणि मग पाटी काखेत मारून निघायची. दुसऱ्याच्या डोळ्यानं किती दिवस वाचायचं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. मी मनात म्हटलं, वाचा. आत भाजीशिवाय काही नाही. मला उलट मजाच वाटत होती.

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. वर्ग चालवणाऱ्या गुरुजींनी आत्याबाईंना पुढं बसवलं. साहेबांनी विचारलं, आजी, काहून शिकता? आदल्या दिवशी गुरुजींनी उत्तर पाठ करून घेतलं होतं, सही करायला आणि एसटीचा बोर्ड वाचायला. आत्याबाई म्हणाल्या, "सून काय लिव्हते ते पाह्याला." गुरुजींचा चेहरा पडला. साहेब मात्र खूष झाले. घरातली सून लिहिते आणि सासू वाचते, असं आदर्श कुटुंब त्यांना आख्ख्या तालुक्यात सापडलं नव्हतं म्हणे.

आणि खरंच एक दिवस त्यांना वाचता यायला लागलं. हळद वाळत टाकलेली, रानात काम नव्हतं. आत्याबाईंनी जुन्या सगळ्या डायऱ्या मागितल्या आणि दारात पाय पसरून बसल्या. बोट अक्षरावर ठेवायच्या, ओठ हलायचे. "मे... थी." पान उलटलं. "पि... ठ... लं." मी घरात पोळ्या लाटत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. म्हटलं, घ्या, इतकी वर्षं गोधड्या उसवल्या, आता खा शेपू.

असं त्यांचं पुष्कळ दिवस चाललं. एकही पान सोडलं नाही. हळूहळू त्या बोलायच्या कमी झाल्या. भाकरी जळाली तरी बोलेनात. माहेरचा निरोप आला तरी टोमणा नाही. घर कसं ओसाड लागायला लागलं. शेवटी मीच जाऊन समोर बसले आणि विचारलं, आत्याबाई, काही चुकलं का?

शेवटची डायरी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाल्या, "ह्याच्यात मी कुठं हाये?"

मी म्हटलं, तुमीच भ्यायच्या ना, लिव्हलं की जीप येते म्हणून.

"आली असती तर आली असती. जीपमधी बसले असते. पर कागदावर तर राह्यले असते." मग डायरीवर हात आपटून म्हणाल्या, "एवढी बोलले तुला. एवढी छळले. अन् तू भोपळा लिव्हला, दोडकं लिव्हलं, एसटी लिव्हली. मी काय घरात नव्हते?"

मला राग आला. वर्षानुवर्षं बोलणी कुणी खाल्ली? मी. आणि आता त्याचा हिशेब का ठेवला नाही म्हणून परत मलाच बोलणी. असं कुठं असतं का? पण रागाबरोबर दुसरंही डोक्यात आलं. रेशनकार्डावर ह्या बाईचं वय चुकलेलं, सातबाऱ्यावर मालकांचं नाव, देवळाच्या पाटीवर वर्गणी देणाऱ्या मामंजींचं नाव. तिनं जन्मभर राबून ठेवलेलं कागदावर कुठं म्हणून नव्हतं. वाईट म्हणून का होईना, एका माझ्या वहीत आपण असू, असं ती मनात धरून बसली होती. मी उठले आणि चुलीपाशी जाऊन रडले. कांदा चिरायला घेतला, म्हणजे कुणी विचारायला नको.

त्या संध्याकाळी मी लिहिलं, "आज वांगी." टोपण लावायच्या आत आत्याबाईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतला. पाटीवरच्या पेन्सिलीची सवय, पेन त्यांनी मुठीत धरला आणि पान फाटेल असा दाबला. डाळ उतू गेली तरी त्यांचं लिहून होत नव्हतं. झालं तेव्हा डायरी माझ्यापुढं सरकवली. माझ्या ओळीखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "खारट होती."

भाजी मुळीच खारट नव्हती. मी मालकांना विचारलं, ते म्हणाले मला काही कळलं न्हाई. ही बाई लिहायला शिकली काय तर नावं ठेवायला.

आणि मग ते रोजचंच झालं. वर माझी ओळ, खाली आत्याबाईंची. "मेथी." "कडू." "करडई." "चिखल तशीच." मी चिडून एकदा नुसतं "वरण" लिहिलं, त्यांनी खाली लिहिलं, "पाणी." हिंगोलीचा जिल्हा झाला तेव्हा मला वाटलं आज तरी काहीतरी मोठं लिहावं. लिहिलं, "आजपासून आपला जिल्हा हिंगोली. पाटवडी केली." खाली आत्याबाईंनी लिहिलं, "पाटवडी कच्ची." जिल्ह्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. तोंडानं बोलणं मात्र कमी झालं. जे काय असेल ते दिवेलागणीला पानावर. मला ते बरं वाटायला लागलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

माझे वडील गेले त्या वर्षी मी हिंगोलीहून परत आले, ती नुसती कामाला लागले. हात चालत होते, डोकं नव्हतं. पिठलं केलं आणि त्यात मीठच घातलं नाही. मालकांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. आत्याबाईंनी त्यांना डोळ्यानं दाबलं आणि ताट चाटूनपुसून खाल्लं. जेवणं झाल्यावर मी लिहिलं, "पिठलं." त्यांनी पेन घेतला आणि लिहिलं, "बरी होती." पिठल्याला "बरी" कुणी म्हणत नाही. मला कळलं त्या पिठल्याबद्दल लिहीत नव्हत्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या माझ्या केसातलं पीठ झाडत बसल्या.

पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अक्षर दिसेना, पण हट्ट तोच. "लिव्हलं का? आता माझं लिव्ह. खारट." आणि मी लिहायची, त्या सांगतील ते, अगदी त्या सांगतील तसं. मग म्हणायच्या, वाच. मी वाचायची, खारट होती. त्या मान हलवायच्या आणि मग जेवायला बसायच्या, कारण खरं तर आम्ही अजून जेवलेलोच नसायचो.

त्या गेल्या पोळ्याच्या थोडं आधी. सुतकात चूल पेटत नाही, शेजारून जेवण यायचं. मी रोज त्याच वेळेला डायरी घेऊन बसायची आणि तशीच ठेवून द्यायची. कुणी विचारत नव्हतं, लिव्हलं का. मालकांना एकदा म्हटलं, तुम्ही तरी विचारा. ते म्हणाले, काय विचारू?

सत्कार झाला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. मी माइकवरून खाली उतरले, शाल पिशवीत कोंबली, हिंगोलीच्या बाजारातून कारली घेतली आणि एसटी पकडली. घरी येऊन चिंच-गूळ घालून कारल्याची भाजी केली. इतक्या वर्षांनी घरात कारलं शिजलं. मालकांनी दोनदा वाढून घेतलं.

मग मी डायरी उघडली. लिहिलं, "आज कारलं." भाजी खरंच चांगली झाली होती, माझ्या हातून अशी क्वचित होते. मी पेन मुठीत धरला, पान फाटेल असा दाबला, आणि खाली वाकड्या अक्षरात लिहिलं, खारट होती.